कोआलाला अभय, त्याच्या झाडाला?

सर्दीपडशाच्या दिवसांत पुष्कळ मराठी घरांतून निलगिरीच्या तेलाची बाटली बाहेर निघते. हें तेल ज्या झाडांच्या पानांपासून काढतात, तीं झाडें मूळचीं ऑस्ट्रेलियांतील. एकोणिसाव्या शतकांत तीं दक्षिणेंतील निलगिरी पर्वतावर लावण्यांत आलीं आणि त्या पर्वताचेंच नांव मराठींत त्यांना चिकटलें. ज्या पानांचा उग्र वास मनुष्याला रुमालावरील दोन थेंबांपुरताच सोसतो, तींच पानें ऑस्ट्रेलियांतील एका प्राण्याचें जन्मभराचें अन्न आहेत. तो प्राणी कोआला होय. त्याची शिकार करण्यास तेथें सर्वत्र बंदी होऊन ऐंशींहून अधिक वर्षें लोटलीं. तरीहि पूर्वेकडील राज्यांत त्याची संख्या घटतच गेली. कायदा असून प्राणी कां वांचत नाहीं, याचें उत्तर त्याच्या राहणींत आणि कायद्याच्या इतिहासांत, असें दोन्ही ठिकाणीं शोधावें लागतें.

कोआलाला अस्वल म्हणण्याचा प्रघात इंग्रजींत पडला असला, तरी तो अस्वल नव्हे. कांगारूप्रमाणें तो पिशवीवाल्या प्राण्यांपैकीं आहे. त्याचें पिल्लूं जन्मतः घेवड्याच्या दाण्याएवढें असतें आणि सुमारें सहा महिने आईच्या पिशवींत वाढतें. निलगिरीचा पाला चोथट, पोषणास हलका आणि इतर बहुतेक प्राण्यांस विषारी असतो. कोआलाचें यकृत तें विष उतरवितें, आणि चोथा कुजवून त्यांतील सत्त्व काढण्यासाठीं त्याच्या पोटांत सुमारें दोन मीटर लांबीची एक बंद आंतडी असते. एवढ्या खटाटोपानें मिळालेली थोडीशी शक्ति राखून ठेवण्यासाठीं तो दिवसाचे अठरा ते वीस तास झोपेंत घालवितो. निलगिरीच्या शेंकडों जाति आहेत. परंतु एखाद्या प्रदेशांतील कोआला त्यांपैकीं मोजक्याच जातींचा पाला खातो. म्हणून एक झाड तोडलें तरी शेजारीं दुसरें आहेच, हा मनुष्याचा हिशेब त्याच्या उपयोगीं पडत नाहीं.

त्याच्यावरील पहिलें मोठें संकट त्याच्या मऊ कातड्यामुळें ओढवलें. युरोप-अमेरिकेच्या बाजारांत त्या कातड्यांना मोठी मागणी होती. १९१९ सालीं एकट्या क्वीन्सलंडांत सुमारें दहा लक्ष कोआला मारले गेले, असा अंदाज आहे. पुढें १९२७ च्या ऑगस्टांत, गांजलेल्या ग्रामीण लोकांच्या हातीं चार पैसे पडावेत म्हणून, तेथील सरकारनें एक महिना शिकारीस पुन्हा मोकळीक दिली. त्या एका महिन्यांत सुमारें सहा लक्ष कातडीं जमा झालीं. धर्मगुरूंनीं आणि वृत्तपत्रांनीं निषेधाचा गदारोळ उठविला. त्यानंतर क्वीन्सलंडांत तशी परवानगी पुन्हा कधींहि देण्यांत आली नाहीं. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सर्व घटक राज्यांत कोआलाला कायद्याचें अभय मिळालें होतें.

तथापि हें अभय बंदुकीपासून होतें, कुऱ्हाडीपासून नव्हतें. कोआलास हात न लावतां त्याचें झाड तोडणारा मनुष्य या कायद्याच्या कक्षेंत सहसा येत नसे. शेतीसाठीं, गुरांच्या कुरणांसाठीं आणि पूर्व किनाऱ्यावरील वाढत्या शहरांसाठीं जी सुपीक जमीन हवी असे, तिच्यावरच कोआलाच्या आवडीचीं झाडें उभीं होतीं. तीं विरळ होतांच त्याला एका झाडावरून दुसऱ्याकडे जाण्यासाठीं जमिनीवर उतरावें लागूं लागलें. आणि तेथें मोटारी व कुत्रे त्याचा घास घेऊं लागले. अंधत्व व वांझपण आणणाऱ्या क्लॅमिडिया नांवाच्या रोगानें त्यांत भर घातली.

ऑस्ट्रेलियांत जमीन व जंगल हे विषय मुख्यतः घटक राज्यांकडे आहेत. १९९९ सालीं मध्यवर्ती सरकारनें पर्यावरणरक्षणाचा एक कायदा केला. संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या जातीस मोठा धोका पोंचविणाऱ्या कामास मध्यवर्ती मंत्र्याची संमति लागावी, असें त्यानें ठरविलें. क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीचा प्रदेश येथील कोआला या यादींत २०१२ सालीं दाखल झाला, आणि २०२२ च्या फेब्रुवारींत त्याला अधिक गंभीर वर्गांत घालण्यांत आलें. मात्र करारानें ठरलेल्या प्रदेशांतील लाकूडतोडीस या कायद्यांत सूट ठेवण्यांत आली होती. शिवाय एका ठिकाणीं तोडलेल्या जंगलाची भरपाई दुसऱ्या ठिकाणीं करण्याची सवलत होती. कागदावर हा हिशेब जुळतो. पण नवें रोप कोआलाचें वजन पेलण्याजोगें होईपर्यंत त्या कोआलानें रहावें कोठें?

झाडाला अभय देणें कां अवघड आहे, हें न्यू साउथ वेल्समधील एका वादावरून दिसून येतें. तेथील १९९५ च्या नियमांत कोआलाच्या अन्नाचीं झाडें म्हणून दहा जाति नोंदलेल्या होत्या. २०१९ मध्यें केलेल्या नव्या नियमानें ती संख्या १२३ वर नेली. आपल्याच जमिनीवर आपल्याला हात बांधून बसावें लागेल, अशी शेतकऱ्यांची तक्रार झाली. ती तक्रार अगदींच पोकळ नव्हती. कारण जगाच्या लाडक्या प्राण्याचा भार त्यांच्या शेतावर पडणार होता. २०२० च्या सप्टेंबरांत सत्तेंतील नॅशनल पक्षानें सरकारी विधेयकांचा पाठिंबा काढून घेण्याची धमकी दिली, आणि वर्ष संपण्यापूर्वीं नवा नियम मागें घेण्यांत आला. त्याच वर्षीं, म्हणजे २०१९-२० च्या भयंकर वणव्यानंतर, त्याच राज्याच्या विधिमंडळाच्या चौकशी समितीनें इशारा दिला होता कीं, तांतडीनें उपाय न केल्यास २०५० पूर्वींच तेथील रानांत कोआला उरणार नाहीं.

दक्षिणेंतील चित्र वरवर पाहतां उलटें आहे. व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया येथें कांहीं ठिकाणीं कोआला इतके वाढले कीं, त्यांनीं झाडें ओरबाडून ओकीं केलीं आणि मग तेच उपाशी मरूं लागले. या राज्यांतील कोआला मध्यवर्ती यादींत घेतलेला नाहीं. परंतु या चित्राचाहि अर्थ तोच आहे: कोआलाचें भवितव्य त्याच्या संख्येपेक्षां त्याच्या झाडांवर अवलंबून असतें.

२०२५ सालीं कांहीं आशादायक गोष्टी घडल्या. सप्टेंबरांत क्लॅमिडियावरील एका लशीस मान्यता मिळाली. त्याच महिन्यांत न्यू साउथ वेल्स सरकारनें उत्तरेकडील किनारपट्टीजवळचें सुमारें १,७६,००० हेक्टर सरकारी जंगल कोआलाच्या राष्ट्रीय उद्यानासाठीं राखण्याचें जाहीर करून तेथील लाकूडतोड थांबविली. लाकडाच्या गिरण्यांतील कामगारांच्या पोटाचा प्रश्न त्यामुळें उभा राहिला, आणि त्यांना साहाय्य देणें सरकारला भाग पडलें. प्राणिरक्षणाची खरी किंमत येथें दिसते. कातडें न विकण्याचा निश्चय करणें सोपें होतें, कारण त्यांत गमावण्यासारखें थोडें होतें. उभें झाड उभेंच ठेवण्यासाठीं कोणाच्या तरी शेताचा, घराचा किंवा मजुरीचा वांटा सोडावा लागतो. तो वांटा गरिबावर न लादतां सर्व समाजानें वांटून घेतला, तरच कोआलाला दिलेलें अभय त्याच्या झाडापर्यंत पोंचेल.