घोडीचा प्रसूतिकाल आणि नवजात शिंगरू

गाईचा किंवा शेळीचा विण्याचा दिवस फळण्याच्या तारखेवरून बऱ्याच अंशी आधी सांगता येतो. घोडीच्या बाबतीत मात्र हा आडाखा पुरेसा ठरत नाही. तिचा गर्भकाल सरासरी ३४० दिवसांचा धरण्यात येतो. तथापि ३२० दिवसांनी जन्मलेले शिंगरू निकोप असू शकते, आणि ३६० दिवस उलटूनही घोडी व्याली नाही तर तेवढ्यावरून काही बिघडले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. याउलट प्रत्यक्ष प्रसूती कमालीच्या वेगाने उरकते. प्रतीक्षा कित्येक आठवड्यांची आणि निर्णायक प्रसंग अर्ध्या तासाचा, अशी ही विषमता आहे. ती कशामुळे निर्माण होते आणि माणसाच्या साहाय्याची खरी जागा कोणती, हे शरीरक्रियाशास्त्राच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गर्भकाल आणि ऋतू

घोडी ही दिवस मोठा होऊ लागला म्हणजे माजावर येणारी प्राणिजाती होय. अकरा महिन्यांच्या गर्भकालामुळे उत्तरेकडील समशीतोष्ण प्रदेशांत शिंगरे वसंत ऋतूत, म्हणजे ताजे गवत उपलब्ध असताना जन्मास येतात. हिवाळ्याच्या अखेरीस विणाऱ्या घोड्यांचा गर्भकाल उन्हाळ्याच्या तोंडाशी विणाऱ्यांपेक्षा सामान्यतः काही दिवसांनी अधिक भरतो. गाभण घोडीला अखेरच्या महिन्यांत रात्री कृत्रिम प्रकाश दिल्यास हा काल कमी होतो, यावरून प्रकाशाचा येथील संबंध स्पष्ट होतो. नराचा गर्भ मादीच्या गर्भापेक्षा एकदोन दिवस अधिक राहतो, असेही आढळते.

शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणाऱ्यांना या बाबींचे महत्त्व विशेष वाटते. उत्तर गोलार्धात, आणि म्हणून भारतातही, अशा घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते. डिसेंबरच्या अखेरीस जन्मलेले शिंगरू कागदोपत्री काही दिवसांतच एक वर्षाचे ठरते, आणि पुढे शर्यतीत त्याला जवळजवळ वर्षाने मोठ्या घोड्यांशी सामना द्यावा लागतो. यामुळे पुण्याच्या परिसरातील पैदास केंद्रांपासून इंग्लंडातील न्यूमार्केटपर्यंत सर्वत्र घोडी वर्षारंभानंतर, परंतु शक्य तितक्या लवकर व्यावी, अशी इच्छा असते. ही इच्छा माणसाची आहे. घोडीचे शरीर तिला बांधलेले नाही.

गर्भकाल लांबला म्हणजे शिंगरू पोटात वाढत जाऊन अडेल, ही भीती सामान्यतः निराधार असते. केंब्रिज येथील वॉल्टन व हॅमंड यांनी १९३८ साली शायर या अवजड जातीचा आणि शेटलंड या बुटक्या जातीचा संकर दोन्ही बाजूंनी करून पाहिला. शायर घोडीच्या पोटी जन्मलेली संकरित शिंगरे शेटलंड घोडीच्या पोटी जन्मलेल्या संकरित शिंगरांपेक्षा कितीतरी मोठी भरली. दोहोंचा आनुवंशिक वारसा सर्वसाधारणपणे सारखाच होता. भेद होता तो मातेच्या देहाचा. गर्भाच्या वाढीला मातेचे गर्भाशय मर्यादा घालते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

दिवस भरणे आणि परिपक्व होणे

दिवस भरणे आणि गर्भ परिपक्व होणे या दोन भिन्न गोष्टी होत. घोड्याच्या गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल या अंतःस्रावाचे प्रमाण वाढते ते जन्मापूर्वी अवघ्या दोनतीन दिवसांत. मेंढीच्या गर्भात हीच तयारी पुष्कळ आधी सुरू होते. फुप्फुसे, आतडी व स्नायू यांना बाहेरच्या जगासाठी सिद्ध करणारा हा अखेरचा टप्पा घोड्यात इतका आखूड असल्यामुळे घाई विशेष घातक ठरते. ऑक्सिटोसिन टोचून घोडीची प्रसूती अल्पावधीत घडवून आणता येते. परंतु तो टप्पा पुरा झालेला नसेल तर ३४० दिवसांचे शिंगरूही उभे राहण्यास व चोखण्यास असमर्थ निघते. प्रतीक्षा हा येथे निरुपायाचा भाग नसून तोच योग्य उपचार आहे.

गर्भाची सिद्धता बाहेरून ओळखण्याचा सर्वांत विश्वसनीय मार्ग म्हणजे कास. विण्यापूर्वी सुमारे चार ते सहा आठवडे कास भरू लागते. अखेरच्या काही दिवसांत सड टोकापर्यंत फुगतात. आणि बहुधा शेवटच्या एकदोन दिवसांत सडांच्या टोकांशी मेणासारखे पिवळसर थेंब साचतात. शेपटीच्या मुळाजवळचे स्नायू सैल पडतात. पागेतील अनुभवी मोतद्दार या खुणा पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आले आहेत. तथापि काही घोड्या मेण न धरताच वितात, तर काहींना ते कित्येक दिवस टिकते. म्हणून सडातील स्रावाची परीक्षा अधिक उपयुक्त ठरते. प्रसूती जवळ येताच त्यातील कॅल्शियम वाढते, सोडियम घटून पोटॅशियम त्याच्या वर जाते आणि आम्लता वाढते. ही परीक्षा घोडी उद्या विणार असे ठामपणे सांगत नाही. आज रात्री विण्याचा संभव कमी आहे, हे मात्र ती बऱ्याच विश्वासाने सांगते.

रात्रीची प्रसूती

रात्रीचा उल्लेख येथे सहेतुक आहे. न्यूमार्केटचे पशुवैद्य रॉसडेल आणि त्यांचे सहकारी शॉर्ट यांनी १९६७ साली ५०१ प्रसूतींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८६ टक्के प्रसूती संध्याकाळी ७ ते सकाळी ७ या वेळात झाल्या होत्या. गर्भ दिवस ठरवितो आणि घोडी घटका ठरविते, असे या वस्तुस्थितीचे वर्णन करता येईल. आसपास वर्दळ असेल तर घोडी पहिल्या अवस्थेत असताना प्रसूती काही काळ लांबवू शकते. मोकळ्या माळावर श्वापदांपासून पळून जीव वाचविणाऱ्या प्राण्याला शांत व अंधारी वेळ निवडणे हितावह ठरले असावे, अशी याची उपपत्ती दिली जाते. म्हणूनच राखण दुरून व मंद उजेडात करावी लागते.

पहिल्या अवस्थेत घोडी अस्वस्थ होते, घामाघूम होते, पुन्हा पुन्हा उठते-बसते. पाणमोट फुटली की दुसरी अवस्था सुरू होते, आणि बहुधा २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर येते. प्रथम पांढुरके, अर्धपारदर्शक वेष्टन दिसावे. त्यात एकापुढे एक असे दोन पुढचे पाय, तळवे खाली, आणि गुडघ्यांवर टेकलेले तोंड असावे. याऐवजी लाल, मखमली आवरण दिसल्यास वार वेळेपूर्वी सुटली आहे आणि गर्भाचा प्राणवायू तुटत आहे, असे समजावे. अशा वेळी पशुवैद्याची वाट पाहण्यास अवसर नसतो. उपस्थित माणसाने ते आवरण तत्काळ फाडून शिंगरू बाहेर घ्यावे लागते. कित्येक आठवड्यांच्या जागरणाचे सार्थक होते ते अशाच प्रसंगी.

प्रसूती नीट झाली असता नाकावरचे वेष्टन दूर करून माणसाने मागे सरणे इष्ट. नाळ आपल्या नैसर्गिक अरुंद जागी आपोआप तुटू द्यावी आणि देठाला जंतुनाशक लावावे. शिंगराच्या खुरांवर या वेळी मऊ, रबरासारखे आच्छादन असते. त्यामुळे गर्भाशयाला इजा होत नाही. चालू लागताच ते झिजून जाते. सर्वसाधारण दंडक असा की शिंगराने एका तासात उभे राहावे, दोन तासांत चोखावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी. यांपैकी काहीही चुकल्यास पशुवैद्यास बोलावणे अगत्याचे असते.

चिकाचे महत्त्व

या दंडकातील दुसरे कलम सर्वांत महत्त्वाचे होय. घोडीच्या वारेत मातेचे व गर्भाचे रक्त यांमध्ये पेशींचे सहा थर असतात. त्यांतून प्रतिपिंडे गर्भाकडे जाऊ शकत नाहीत. मानवी अर्भक मातेची प्रतिपिंडे घेऊन जन्मते. शिंगरू जवळजवळ त्यांवाचूनच जन्मते. ही उणीव चीक भरून काढतो. लहान आतड्यातील विशिष्ट पेशी ती प्रतिपिंडे सबंध शोषून घेतात. परंतु हे सामर्थ्य पहिल्या काही तासांनंतर झपाट्याने घटून सुमारे २४ तासांत नाहीसे होते. त्या वेळी शिंगराच्या दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात ८०० मिलिग्रॅमहून अधिक प्रतिपिंडे असणे समाधानकारक मानतात. ४०० हून कमी असल्यास त्याला जंतुदोषाचा गंभीर धोका असतो आणि शिरेवाटे रक्तद्रव द्यावा लागतो. विण्यापूर्वीच कास गळत राहिली तर चीक वाया जातो. घोडी तो दुसऱ्यांदा तयार करीत नाही. विण्याच्या जागी घोडीला चारसहा आठवडे आधी नेणे आणि त्याच सुमारास धनुर्वाताची लस टोचणे, यांमागील हेतू हाच, की त्या जागेच्या रोगजंतूंविरुद्धची प्रतिपिंडे चिकात उतरावीत.

परंतु हाच चीक क्वचित विषवत् ठरतो. शिंगराने पित्याकडून घेतलेल्या रक्तगटाविरुद्ध घोडीच्या देहात प्रतिपिंडे तयार झाली असतील, तर ती वारेतून जात नसल्यामुळे शिंगरू धडधाकट जन्मते आणि चीक प्याल्यावर त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. मानवी ऱ्हीसस विकारात हानी जन्मापूर्वी होते. येथे ती पहिल्या घोटापासून सुरू होते. गाढवापासून गाभण राहिलेल्या घोडीच्या खेचर पिल्लातही हा विकार आढळतो. घोडीच्या रक्ताची परीक्षा आधी झालेली असेल, तर पहिले एकदोन दिवस शिंगराच्या तोंडाला जाळी बांधून त्याला दुसऱ्या घोडीचा निर्दोष चीक पाजता येतो, आणि ते वाचते.

या सर्व विवेचनावरून माणसाच्या कर्तव्याची विभागणी स्पष्ट होते. जन्माची वेळ ठरविण्याचा अधिकार गर्भाचा आणि घोडीचा आहे; तेथे निरीक्षण व संयम यांहून अधिक काही करावयाचे नसते. जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत मात्र घड्याळ माणसाच्या हाती येते. तेव्हा गेलेली वेळ पुढे कोणत्याही औषधाने पूर्णतः भरून काढता येत नाही.