नाणे कुणाच्या हातातले?

आमच्या वस्तीच्या वाचनालयात नाण्यांचे प्रदर्शन भरवायचे आहे. मांडणी राजांच्या क्रमाने नको, असे मी सुचवले. पहिल्या फळीवर १९५७ पूर्वीचा रुपया ठेवू : सोळा आणे, चौसष्ट पैसे. शेजारी मूठभर ज्वारी. कारण आपल्या आज्याला बलुते मिळे ते धान्यात. क्वचित नाणे हाती आलेच, तर दुकानदार ते पाणी शिंपडून उचली. हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहायचे.

दुसऱ्या फळीवर बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चा ग्रंथ. रुपया घसरला की झळ मजुराला बसते, ही त्यांची मांडणी सोप्या शब्दांत सांगू. शेवटी १९९० चे, त्यांची प्रतिमा असलेले एक रुपयाचे नाणे.

नाणी घासून चकचकीत करू नयेत. झीज हाही पुरावाच. जादा नाणी मुलांच्या हातात द्यावीत. बघू द्या, कोणते बाटते ते!