अंगठा जागेवर, पण उचलत नाही

भोसरी एमआयडीसीतलं किंवा चाकणमधलं एखादं प्रेस शॉप डोळ्यांसमोर आणा. कातरलेला पत्रा रचताना हातमोज्यातून निसटतो आणि त्याचा कोपरा पावलाच्या वरच्या अंगावर येतो. जखम जेमतेम दोन बोटांची. जवळच्या दवाखान्यात टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं, आठवड्याभरात माणूस पुन्हा शिफ्टला उभा. मग घरात अनवाणी चालताना अंगठ्याचं टोक उंबरठ्याला ठेचकाळू लागतं, मोजा चढवताना आत दुमडतं. उचलायला जावं, तर उचलत नाही.

कामगार म्हणतात, ‘शीर कापली.’ डॉक्टर टेंडन म्हणतात, मराठी पुस्तकांत ती कंडरा. रक्तवाहिनीशी तिचा संबंध नाही. स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवणारा तो दोर आहे. अंगठा उचलणारा मुख्य स्नायू पावलात नसतोच, तो वर नडगीलगत असतो. तिथून निघालेला दोर घोट्यासमोरून, पावलाच्या पाठीवरून थेट अंगठ्याच्या शेवटच्या हाडाला जोडलेला असतो. बूट काढून अंगठा ताठ वर केला, की हा दोर कातडीखाली ताणलेला स्पष्ट दिसतो. तळव्याकडच्या कंडरांना मांसाची जाड गादी लाभलेली असते. याच्यावर जवळजवळ नुसती कातडी. म्हणूनच पत्र्याच्या धारेला तो इतक्या सहज सापडतो.

तपासणीत चकवा बसतो तो शेजारच्या दुसऱ्या, छोट्या स्नायूमुळे. तो अंगठ्याचं मूळ उचलतो. त्यामुळे ‘अंगठा हलव’ म्हटलं की काहीतरी हलतं आणि टाके घालून रुग्णाला घरी पाठवलं जातं. खरं तर अंगठ्याच्या टोकावर बोट दाबून ‘हे वर ढकल’ असं सांगायला हवं. अर्ध्या मिनिटाचं काम; पण ते राहिलं, की पुढचे महिने बिघडतात. कारण कंडरा तुटताच स्नायू तिचं वरचं टोक आपल्याकडे खेचून घेतो. लवकर कळलं तर दोन्ही टोकं शिवता येतात. उशीर झाला, की टोक आक्रसतं, भोवती व्रण धरतो आणि कधीकधी दुसरीकडची कंडरा आणून मधलं अंतर भरावं लागतं. शिवल्यावरही साधारण सहा आठवडे पाऊल आधारात बांधून ठेवायचं, मग व्यायाम. कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, तिला घाई चालत नाही.

‘पण सेफ्टी शूज होते की!’ असं अनेकदा ऐकू येतं. भारतीय मानकाप्रमाणे सेफ्टी शूजच्या पुढच्या टोपीने 200 ज्यूलचा आघात सोसायचा असतो, म्हणजे 20 किलोचं वजन सुमारे एक मीटरवरून पडल्याइतका. ही टोपी बोटांपुरतीच असते. तिच्या मागे, कंडरा जिथून जाते तिथे, साधं चामडं. पत्रे आणि डाय हाताळणाऱ्यांना पावलाच्या पाठीवर कवच असलेले बूट मिळालेच पाहिजेत, कंत्राटी कामगारांनाही.

जखम नसताना अंगठा पडला, तर शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो: कमरेच्या मणक्यात दबलेली नस, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चेपलेली नस, कुष्ठरोग, मधुमेह. कंबरदुखीच्या रुग्णाला डॉक्टर अंगठा उचलायला लावतात, ते याचसाठी.

प्रश्न भरपाईचाही असतो. 2025 पर्यंत लागू असलेल्या, नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याचं परिशिष्ट मुळापासून गेलेल्या पायाच्या अंगठ्यासाठी कमाईच्या क्षमतेचं 14 टक्के नुकसान धरत होतं. त्याच परिशिष्टाच्या शेवटी एक टीप होती: अवयवाचा उपयोग पूर्णपणे आणि कायमचा गेला, तर तो अवयवच गेला असं मानायचं. ही टीप फार थोड्या कामगारांना ठाऊक असे. कर्मचारी राज्य विम्याखाली नोंद असलेल्याला, कामावरच्या दुखापतीने घरी बसावं लागलं तर, सरासरी रोजच्या वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व किती, हे वैद्यकीय मंडळ तपासून ठरवतं. चिंचवडच्या मोहननगरमधलं विमा रुग्णालय असो की पिंपरीचं वायसीएम, पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर ‘अंगठ्याचं टोक वर होत नाही’ एवढी ओळ लिहून घेतलेली असेल, तर मंडळापुढे बसलेल्या कामगाराला ही इजा त्या पत्र्यानेच झाली, हे वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही.