स्टिरिओटाइप : ओतीव पानाचा इतिहास

एखाद्या जातीविषयी, प्रांताविषयी किंवा स्त्री-पुरुषांविषयी समाजाने मनाशी पक्की करून ठेवलेल्या ठरीव कल्पनेला आज ‘स्टिरिओटाइप’ म्हणतात आणि मराठीत त्यासाठी ‘साचेबंद प्रतिमा’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. परंतु समाजशास्त्राच्या पुस्तकांत येण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे हा शब्द छापखान्यात वावरत होता आणि तेथे तो शिशाच्या एका जड व मोलाच्या वस्तूचे नाव होता. सुट्या खिळ्यांनी जुळवलेल्या संपूर्ण पानाचा साचा घेऊन त्यात वितळलेला धातू ओतला की जी अखंड पाटी तयार होते, ती स्टिरिओटाइप होय. ग्रीक भाषेत ‘स्टिरिओस’ म्हणजे घट्ट आणि ‘टुपोस’ म्हणजे ठसा. या दोहोंना जोडून १८ व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचा मुद्रक फर्मीं दिदो याने हा शब्द घडवला.

ही पाटी कोणत्या अडचणीतून जन्माला आली, हे खिळ्यांच्या मुद्रणाचा हिशेब पाहिल्यावर लक्षात येते. जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून पान जुळवले, छपाई झाली, की ते खिळे पुन्हा आपापल्या खान्यांत टाकावे लागत, कारण पुढच्या पानांसाठी तेच लागत असत. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव असेल तर मुद्रकापुढे दोनच मार्ग उरत : जुळवलेली पाने तशीच बांधून ठेवून भांडवल अडकवायचे, किंवा सारे पुस्तक पुन्हा जुळवून नव्या चुकांना वाव द्यायचा. काना, मात्रा, जोडाक्षरे यांमुळे ज्या देवनागरीला शेकडो प्रकारचे खिळे लागत, तिच्या मुद्रकांना या ओझ्याची कल्पना वेगळी देण्याची गरज नाही. बायबल, प्रार्थनापुस्तके, शालेय पुस्तके आणि गणिती कोष्टके अशा सतत खपणाऱ्या ग्रंथांच्या बाबतीत ही अडचण सर्वांत तीव्र होती.

तिच्यावर तोडगा काढणाऱ्यांमध्ये एडिंबरोचा सोनार विल्यम गेड याचे नाव आदराने घ्यावे लागते. १७२५ च्या सुमारास त्याने जुळवलेल्या पानावर प्लास्टर ओतून साचा घेण्याचे आणि त्यातून धातूची पाटी काढण्याचे प्रयोग सुरू केले, व पुढे भागीदारांसह केंब्रिज विद्यापीठाकडून बायबल आणि प्रार्थनापुस्तके छापण्याचा करारही मिळवला. परंतु जुळारी आणि यंत्रावरचे कामगार यांना या पद्धतीत आपली रोजी बुडताना दिसली. पाने जुळवताना त्यांनी मुद्दाम चुका घातल्या, काम बदनाम झाले आणि पाट्या वितळवून टाकण्यात आल्या. गेड एडिंबरोला परतला. तेथे, मुद्रकाकडे उमेदवारी करणाऱ्या मुलाच्या मदतीने, त्याने रोमन इतिहासकार सॅलस्ट याचा ग्रंथ पाट्यांवरून छापला; त्यावर १७३९ हे साल आहे. १७४९ मध्ये तो निधन पावला, तेव्हा त्याची पद्धत कोणीही वापरत नव्हते. कामगारांची भीती निराधार नव्हती, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते, की त्यांच्या विरोधाने मुद्रणाचे अर्धे शतक वाया गेले.

दिदोचे प्रयोजन गेडपेक्षा थोडे वेगळे होते. १७९५ मध्ये त्याने काले याची लॉगरिदमची कोष्टके छापली. अशा कोष्टकातील एक चुकीचा आकडा नाविकाला किंवा खगोलशास्त्रज्ञाला भलत्याच उत्तराकडे नेऊ शकतो, आणि सुट्या खिळ्यांत दर आवृत्तीला आकडे निखळण्याचा वा उलटसुलट होण्याचा धोका असतोच. म्हणून त्याने जुळवलेले खिळे एकमेकांना डाख देऊन पक्के केले. एखादी चूक आढळली तर तेवढीच दुरुस्त करावी, बाकीचे आकडे जागचे हलू नयेत, ही त्यामागची दृष्टी होती. जो शब्द आज चुकीच्या समजुतीला लावला जातो, तो अशा रीतीने अचूकतेच्या आग्रहातून निघालेल्या कामाला प्रथम लावला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. यानंतर थोड्याच काळात इंग्लंडमध्ये तिसरा अर्ल स्टॅनहोप याने मुद्रक अँड्र्यू विल्सन याच्या साहाय्याने प्लास्टरची पद्धत व्यवहारात उतरवली आणि १९ व्या शतकातील स्वस्त पुस्तकांचा मार्ग मोकळा झाला.

प्लास्टरच्या साच्यात मात्र एक मोठी उणीव होती : पाटी बाहेर काढताना तो फुटत असे, म्हणजे एका साच्यातून एकच पाटी मिळे. १८२९ मध्ये ल्योंच्या क्लोद जनू याने कागदी साच्याचे पेटंट घेतले आणि या कलेचे रूपच पालटले. या साच्याला इंग्रजी छापखान्यांत ‘फ्लाँग’ म्हणत. टीपकागद आणि अतिशय पातळ कागद यांचे थर खळीने चिकटवून तयार केलेला ओला, लवचीक तक्ता जुळवलेल्या पानावर पसरायचा, ताठ केसांच्या लांब मुठीच्या ब्रशाने तो सारखा ठोकत राहायचे, म्हणजे अक्षरांचे माथे आणि त्यांच्यामधल्या फटी कागदात खोल उतरतात. मग तापवलेल्या दाबयंत्राखाली तो वाळवायचा आणि अलगद सोलून घ्यायचा. वाळलेल्या तक्त्यावर प्रत्येक अक्षर खोलगट उमटलेले असे, आणि त्याच्यावरून एकामागून एक अनेक पाट्या ओतता येत. ओतण्याच्या धातूत मुख्य भाग शिशाचा, त्याखालोखाल अँटिमनी आणि थोडे कथील असे. अँटिमनीमुळे पाटीला कठीणपणा येई आणि थंड होताना धातू फारसा आकसत नसल्याने अक्षरांच्या कडा स्वच्छ उठत.

कागदी साचा वाकवता येत असे, आणि रोजच्या वर्तमानपत्राच्या दृष्टीने हाच त्याचा खरा गुण ठरला. गोल फिरणाऱ्या नळकांड्यावर सुटे खिळे बसवणे अत्यंत अवघड. परंतु साचा वाकवून अर्धगोल पेटीत उभा केला आणि त्यात धातू ओतला, तर कौलासारखी वळलेली पाटी मिळते व ती रोटरी यंत्राच्या नळकांड्यावर घट्ट आवळता येते. १८५० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क आणि लंडन येथील वृत्तपत्रांनी हे तंत्र आत्मसात केले. एकाच पानाच्या अनेक पाट्या ओतून तेच पान एकाच वेळी अनेक यंत्रांवर छापता येऊ लागले, आणि पुढे लाखांच्या घरात गेलेला खप याच सोयीवर उभा राहिला.

याच तंत्राने मजकूर प्रवासालाही लावला. अमेरिकेत १८८० नंतर बातम्या, कथा व किरकोळ माहितीच्या तयार पाट्या गावोगावच्या लहान वृत्तपत्रांना विकल्या जाऊ लागल्या आणि परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या गावांतील वाचक अक्षरशः तोच मजकूर वाचू लागले. भारतातही जाहिरात कंपन्या वृत्तपत्रांकडे जाहिरातींचे ब्लॉक आणि स्टिरिओ पाठवत असत. फ्रेंच मुद्रक अशा पाटीला ‘क्लिशे’ म्हणत, व तो शब्दही पुढे गुळगुळीत झालेल्या वाक्प्रचाराला चिकटला. छापखान्यातील दोन शब्दांची गती एकसारखी व्हावी, हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

‘स्टिरिओटाइप’ला आजचा सामाजिक अर्थ दिला तो अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन याने, १९२२ मधील ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात. त्याआधी दोन वर्षे त्याने चार्ल्स मर्झ याच्यासह रशियन क्रांतीविषयीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील बातम्यांची कसून तपासणी केली होती, आणि वार्ताहरांची मनोमन इच्छाच अनेकदा बातमी म्हणून छापली गेली, असे त्याला दिसून आले होते. जग फार विस्तृत आहे, माणसाला वेळ थोडा आहे, म्हणून तो बाहेरून मिळालेल्या तयार प्रतिमांच्या आधाराने पाहतो, असे त्याचे प्रतिपादन होते. या प्रतिमा केवळ दुष्टपणातून येत नाहीत, त्या मनाचे श्रम वाचवतात, हेही त्याने स्पष्ट केले. १९३३ मध्ये डॅनियल कॅट्झ आणि केनेथ ब्रेली यांनी प्रिन्स्टनच्या १०० विद्यार्थ्यांपुढे ८४ विशेषणांची यादी ठेवून १० वांशिक व राष्ट्रीय गटांची वर्णने मागवली, तेव्हा ज्या गटांशी फारसा परिचय नव्हता, त्यांच्याविषयीही विद्यार्थ्यांचे एकमत आढळले.

लिपमनची शब्दयोजना किती नेमकी होती, हे पाटीची दुरुस्ती पाहिल्यावर अधिक पटते. पाटी ओतून झाली की मूळ खिळे मोडून दुसऱ्या पानात वापरले जात. म्हणजे पाटी राही, पण ती ज्या जुळणीवरून निघाली ती जुळणीच उरत नसे. चूक दुरुस्त करणे अशक्य नव्हते : चुकीचे अक्षर छिन्नीने काढायचे, तेथे भोक पाडायचे, नवा खिळा बसवून डाख द्यायचा आणि मागून घासून सपाट करायचे. हे काम कष्टाचे होते, म्हणून लहानसहान चुका आवृत्त्यामागून आवृत्त्या तशाच राहत. पूर्वग्रहाची चिकाटी यापेक्षा वेगळी नाही. ज्या अनुभवावरून तो बनला असेल, तो अनुभव केव्हाच विस्कटलेला असतो आणि दुरुस्ती मात्र अक्षरा-अक्षराने, हाताने करावी लागते.

ऑफसेट मुद्रण आणि प्रकाशीय जुळणी आल्यावर ओतीव पाटीचे दिवस सरले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा तप्त धातूच्या पद्धतीने तयार झालेला शेवटचा अंक २ जुलै १९७८ चा आहे. वृत्तपत्रांच्या पाट्या छपाईनंतर वितळवून त्याच धातूतून दुसऱ्या दिवसाची पाने ओतली जात, त्यामुळे त्या फारशा शिल्लकच नाहीत. ज्या जुन्या छापखान्यांच्या माळ्यांवर स्टिरिओ, ब्लॉक किंवा कागदी साचे अजून पडून असतील, त्यांच्या मालकांनी ते शिशाच्या भावाने भंगारात न घालता एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा संग्रहालयाकडे सोपवावेत.