सागरी वाहतुकीचे संगणकीकरण आणि सुरक्षितता

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील कुरवंडे हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले आहे. येथून समुद्र दूर असला, तरी समुद्रावरील व्यवहाराशी या परिसराचे नाते निकटचे आहे. भारतीय नौदलाच्या सागरी अभियंत्यांना व तंत्रज्ञांना प्रशिक्षण देणारी 'आय.एन.एस. शिवाजी' ही संस्था याच परिसरात १५ फेब्रुवारी १९४५ पासून कार्यरत आहे. त्या काळी जहाजाचे यंत्र अनुभवी हाताने आणि सावध कानाने चालविले जाई. आज यंत्रावरील देखरेख, सागरी नकाशे, मालाची नोंद व बंदरातील कामकाज या सर्वांचा भार संगणकावर आहे.

या परिवर्तनाचे लाभ उघड आहेत. हजारो कंटेनर वाहणाऱ्या जहाजातील प्रत्येक पेटी कोठे ठेवली आहे, ती कोठे उतरवावयाची आहे व तिचा मालक कोण, हे क्षणार्धात कळते. भारतातील बंदरे, सीमाशुल्क विभाग व वाहतूकदार यांच्यातील कागदपत्रांची देवाणघेवाणही आता संगणकीय जाळ्यातून होते. वेळ वाचतो आणि चुका कमी होतात. मात्र जी साखळी सर्वांना जोडते, तीच साखळी संकटही सर्वांपर्यंत पोहोचविते.

न्हावा शेवा येथील अनुभव

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या घातक संगणकीय आज्ञावलीने अनेक देशांत धुमाकूळ घातला. युक्रेनमध्ये वापरात असलेल्या हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीतून तिचा शिरकाव झाला. मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीची संगणकयंत्रणा तिने निकामी केली. तिची झळ थेट रायगड जिल्ह्यापर्यंत पोहोचली. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. धक्का शाबूत होता, क्रेन शाबूत होत्या; परंतु कोणती पेटी कोणाची, हे सांगणारी नोंदच हाती नव्हती. हल्ल्याचा रोख भारतावर नसतानाही हानी येथे झाली, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये याच बंदरातील दुसऱ्या एका टर्मिनलच्या संगणकयंत्रणेत बिघाड घडविण्यात आला आणि काही जहाजे अन्य टर्मिनलकडे वळवावी लागली.

सावरण्याचे मार्ग

मर्स्कने सुमारे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक नव्याने सिद्ध केले. कंपनीस पंचवीस ते तीस कोटी डॉलर इतका फटका बसला. तथापि त्या दिवसांत कर्मचाऱ्यांनी कागद, दूरध्वनी व स्मरणशक्ती यांच्या आधारे काम चालू ठेवले आणि मालवाहतूक सुमारे वीस टक्क्यांनीच घटली, असे कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितले. यंत्रणेच्या मूळ माहितीची एक प्रत घाना येथील कार्यालयात सुरक्षित राहिली होती. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती, म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. जे काम तेथे योगायोगाने झाले, ते अन्यत्र नियमाने झाले पाहिजे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जून २०१७ मध्येच याविषयी ठराव केला होता. त्यानुसार १ जानेवारी २०२१ नंतरच्या पहिल्या वार्षिक तपासणीपासून जहाज कंपन्यांच्या सुरक्षा व्यवस्थापनात संगणकीय धोक्यांचा विचार अपेक्षित आहे. भारतातही 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. शासकीय संस्थांनाही हे निर्देश लागू आहेत.

बंदरापुरता प्रश्न नव्हे

बंदराचा हा धडा ग्रामपंचायत, शाळा व तहसील कार्यालय यांनाही तितकाच उपयुक्त आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदी, करआकारणी व विद्यार्थ्यांची माहिती आता संगणकावर आहे. महत्त्वाच्या नोंदींची प्रत ठराविक दिवशी काढून ती जाळ्यापासून वेगळी ठेवावी व ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. परवलीचा शब्द कोणासही सांगू नये. अनोळखी संदेशातील दुवा उघडू नये. आज्ञावलीच्या अधिकृत सुधारणा वेळेवर कराव्यात. संगणक बंद पडल्यास एक दिवसाचे काम हाताने कसे चालवावे, याचा सरावही कर्मचाऱ्यांना असावा. तयारी अशी असेल, तर संगणक बंद पडला तरी नागरिकांचे काम अडून राहणार नाही.