एका देहाचे दोन आकडे

काका उताणे पडून दहा मिनिटं झाली, तेव्हा तपासणी करणाऱ्या ताईंनी टेप हातात घेतली. "काका, आता बोलायचं नाही आणि डोळाही लागू द्यायचा नाही." सकाळपासून त्यांना चहाही मिळाला नव्हता, चहानंही नाडी बदलते. मी पुण्यातल्या त्या तपासणी खोलीत स्टुलावर बसून पाहत होते.

काकांना मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली आहेत. रक्तातली जादा साखर धमनीच्या भिंतीतल्या कोलॅजेनला चिकटते आणि त्याचे धागे एकमेकांना जखडून टाकते. लवचीक भिंतीतून नाडीची लाट सावकाश जाते, ताठर भिंतीतून सुसाट. सुई न टोचता मोजायचा तो हाच वेग.

ताईंनी मानेवरची नाडी बोटानं शोधली आणि पेनासारखा सेन्सर तिच्यावर टेकवला. दाब कमी पडला की पडद्यावरची रेघ विस्कटे. मग तोच सेन्सर जांघेत. पोट सुटलेलं, त्यामुळे नाडी हाती लागायला वेळ लागला. दोन्ही लाटांची वेळ ईसीजीच्या ठोक्याशी ताडून पाहिली: फरक 50 मिलिसेकंद. मानेपासून जांघेपर्यंत सरळ अंतर 65 सेंटीमीटर, त्याचे 80 टक्के 52. वेग सेकंदाला 10.4 मीटर. 2012च्या तज्ज्ञ-सहमतीत धोक्याची रेषा 10 वर आहे. तो 80 टक्क्यांचा गुणाकार राहून गेला असता, तर हेच उत्तर 13 आलं असतं!

दुसऱ्या यंत्राचे चार पट्टे, दोन दंडांना आणि दोन घोट्यांना. कसब कमी लागतं, संकोचही नाही. आकडा आला 16.2.

"एवढ्यात बिघडलं?" काका दचकले.

"नाही काका, रस्ता बदलला."

पहिल्या मोजणीत मुख्यतः महाधमनी होती. दुसरीत पायांच्या धमन्याही आल्या. त्या मुळातच कडक, आणि मधुमेहात त्यांच्यात कॅल्शियमही साचतं. एकाच दंडपट्ट्यावरून अंदाज बांधणारी यंत्रंही असतात. त्यांतल्या काहींच्या गणितात वय आणि बीपी आधीच मिसळलेलं असतं, म्हणून साखरेनं केलेलं नुकसान वयाच्या आड दडू शकतं. मधुमेह्यासाठी ही साधी गोष्ट नाही.

ताईंनी दोन्ही आकड्यांपुढे यंत्र, अंतर आणि त्या वेळचं बीपी लिहिलं. मग काकांना हात देऊन उठवत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी याच यंत्रांवर, याच वेळी या. आणि चहा आता घ्या."