खानदेशातील उन्हाळा आणि इंजिनाचे तेल

जळगाव व धुळे जिल्ह्यांत वैशाखातील दुपारी पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पौषातील काही पहाटे तो १० अंशांखाली उतरतो. रावेर-यावल भागातील केळीस ऐन उन्हाळ्यात पाण्याचा खंड सोसत नाही. वीज नसताना डिझेल इंजिन जाम झाले, तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर बागही धोक्यात येते. म्हणून तेलाची निवड अंदाजाने करू नये.

तेल तापले की पातळ होते, गार झाले की दाटते. या दाटपणास श्यानता म्हणतात. डब्यावरील ३० किंवा ४० हा आकडा १०० अंश तापमानास, म्हणजे इंजिन तापल्यावर, तेल किती दाट राहते ते दर्शवितो. '१५ डब्ल्यू ४०' यातील पहिला भाग थंडीतील वर्तनाचा होय. तो आकडा जितका लहान, तितके तेल गारठ्यात लवकर वाहते. पुष्कळशा ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० सांगितलेले असते, तर मंदगतीच्या जुन्या पंप-इंजिनांस बहुधा नुसते ३० किंवा ४०. पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

'ऊन कडक, म्हणून तेल जाड' हा समज मात्र घातक आहे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात आतील उष्णता बरीचशी काबूत राहते. बाहेरच्या उन्हाचा तेलावर वाटतो तितका परिणाम होत नाही. उलट फाजील दाट तेल सकाळी इंजिन सुरू करताना वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते व तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. डिझेलही अधिक जळते. फार पातळ तेलाचा थर भाराखाली तुटतो, हेही खरे. धूर थांबावा म्हणून जुन्या इंजिनात जाड तेल ओतल्यास धूर कमी दिसेल. झिजलेल्या रिंगा तशाच राहतील.

तेल काळे पडले म्हणजे निकामी झाले असे नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. परंतु मोजपट्टीवर पातळी आपोआप वाढलेली दिसल्यास तेलात डिझेल किंवा पाणी शिरल्याचा संशय घ्यावा आणि दोष सापडेपर्यंत इंजिन चालवू नये.

गिअरपेटीच्या डब्यावरील ९० हा आकडा वेगळ्या मापाचा आहे. ते तेल इंजिनाच्या ४०-५० क्रमांकाच्या तेलाइतकेच दाट असते, तरी एकाच्या जागी दुसरे वापरू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकऱ्यांस दोन्ही डबे शेजारी ठेवून समजावून द्यावी.